रिमोट डेस्कटॉप: कुलूप न काढता दुरुस्ती

महिन्याच्या २० तारखेला रात्री नऊनंतर फोन वाजला की नंबर न बघताच मला कळतं. जीएसटीचं मासिक विवरण जीएसटीआर-३बी भरायची शेवटची तारीख, टॅली अंबडच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर आणि अकाउंटंट ताई नाशिकरोडला घरी. "दादा, कनेक्टच होत नाहीये हो. काहीतरी करा, उद्यापासून लेट फी लागेल."

घरून ऑफिसचा कॉम्प्युटर चालवायची विंडोजची सोय म्हणजे रिमोट डेस्कटॉप, आणि तीच अडलेली असते. अशा वेळी माणूस फायरवॉल, म्हणजे बाहेरून येणाऱ्याला अडवणारी भिंत, बंद करून बघतो. नाही झालं तर एनएलएची, म्हणजे आधी पासवर्ड तपासण्याची, टिक काढतो. तरी नाही झालं तर राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडतो. यातल्या कशाने तरी स्क्रीन येते, ३बी जातो, सगळे झोपतात. काढलेलं कुलूप मात्र परत कोणी लावत नाही. सातपूर-अंबडची छोटी युनिटं, कॉलेज रोडची सीए ऑफिसं, पिंपळगावकडचे व्यापारी अशांचे कॉम्प्युटर मी सांभाळतो. रिमोट डेस्कटॉपच्या वाटेने झालेलं जे नुकसान पाहिलं, त्यात बहुतेक वेळा कोणीतरी कधीतरी 'दोन दिवसांपुरतं' उघडलेलं दार सापडलं. म्हणून इथे बांधणी आणि दुरुस्ती दोन्ही एकत्र सांगतो. बांधणी नीट असेल तर दुरुस्तीच्या वेळी काय हलवायचं नाही हे ठाऊक असतं.

ऑफिसातलं मशीन

पहिला प्रश्न विंडोजच्या एडिशनचा. होम एडिशन असलेल्या कॉम्प्युटरवर बाहेरून रिमोट डेस्कटॉपने शिरता येत नाही. तिथून दुसरीकडे जाता येतं एवढंच. ज्या मशीनवर जायचं आहे तिथे प्रो किंवा त्यावरची एडिशन लागते. होमवरच चालवून दाखवणारी किंवा एका मशीनवर चार जण बसवणारी 'रॅपर' नावाची जुगाडं बाजारात सर्रास टाकून दिली जातात. लायसन्सच्या दृष्टीने ती चुकीची आहेत, अँटीव्हायरस त्यांना पकडतो, मग दुकानदार अँटीव्हायरसमध्येच अपवाद टाकून देतो. बसवून घेऊ नका.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्या मशीनला सुरक्षा अपडेट मिळत नसतील, तर त्यावर रिमोट डेस्कटॉप चालू ठेवणं म्हणजे जुन्या वाड्याच्या किडक्या दाराला नवी कडी लावणं. मे २०१९ मध्ये 'ब्लूकीप' नावाचं भोक उघड झालं. पासवर्ड न देताच मशीनचा ताबा घेता येईल असं ते होतं. विंडोज ७ आणि त्याआधीच्या काही आवृत्त्यांना त्याचा धोका होता, आणि सपोर्ट संपून पाच वर्षं झालेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली.

आता सेटिंग्जमध्ये सिस्टिम, त्यात रिमोट डेस्कटॉप, आणि तो चालू करा. तिथेच नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशनची, म्हणजे एनएलएची, टिक असते. ती राहू द्या. ती असली की आधी नाव-पासवर्ड तपासला जातो आणि मगच पूर्ण सेशन उभं राहतं. नसली तर कोणीही अनोळखी माणूस तुमच्या लॉगिन स्क्रीनपर्यंत येऊन बसतो.

नंतर रिमोटसाठी वेगळा युजर तयार करा. अकाउंट्समध्ये 'अदर युजर्स', तिथे मायक्रोसॉफ्ट अकाउंटशिवाय लोकल युजर जोडायचा पर्याय शोधा. हा स्टँडर्ड युजर ठेवा, ॲडमिनिस्ट्रेटर नको. पासवर्ड लांब ठेवा. चार असंबद्ध मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत सलग लिहिले तरी चालेल. कंपनीचं नाव आणि पुढे १२३ नको, हे सांगायची वेळ अजूनही येते. मग रिमोट डेस्कटॉपच्या पानावर परत येऊन 'रिमोट डेस्कटॉप युजर्स'च्या यादीत हा युजर घाला. ॲडमिन खात्यांना परवानगी आपोआप असते, स्टँडर्ड युजरला ती द्यावी लागते.

प्रत्येकाला वेगळं खातं का, याचा एक किस्सा. एका युनिटमध्ये सगळे एकाच 'ॲडमिन' नावाने बसायचे. रविवारी ताई घरून काम करत होत्या आणि दर दहा मिनिटांनी बाहेर फेकल्या जात होत्या. मी तासभर नेटवर शंका घेतली, राउटर रिस्टार्ट केला. शेवटी वॉचमनला ऑफिसात डोकावायला सांगितलं, तर नाइट शिफ्टचा पोरगा तिथे क्रिकेट बघत बसलेला! स्क्रीन लॉक झाली की तो पासवर्ड टाकायचा, ताई बाहेर. ताई कनेक्ट करायच्या, तो बाहेर. दोघंही आपापल्या जागी इंटरनेटला शिव्या घालत होते. साध्या विंडोजमध्ये एका वेळी एकच माणूस बसू शकतो. खातं एकच असेल तर दुसरा पहिल्याला न विचारता उठवतो. खाती वेगळी असती तर आधी बसलेल्याला निदान विचारणा झाली असती.

३३८९ चं दार

रिमोट डेस्कटॉप ३३८९ या पोर्टवर ऐकतो, टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवायच्या दोन्ही रीतींवर. बाहेरून पोचण्याची सगळ्यांना सुचणारी सोपी वाट म्हणजे राउटरमध्ये पोर्ट फॉरवर्ड करून हे पोर्ट थेट इंटरनेटवर मांडणं. या लेखातलं एकच वाक्य पाळणार असाल तर हे पाळा: ते करू नका.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये असंच एका ऑफिसात कोणीतरी करून दिलं होतं. मी पुढे कधीतरी तिथे प्रिंटरच्या कामाला गेलो आणि सवयीने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडला. विंडोज लॉग्ज, त्यात सिक्युरिटी, फिल्टरमध्ये ४६२५ टाकलं. ४६२५ म्हणजे फसलेलं लॉगिन. यादी खाली सरकवत गेलो, तर स्क्रोलबार बोटभर काडीएवढा बारीक झालेला. दर काही सेकंदांना एक नोंद. नावं बघा: ॲडमिनिस्ट्रेटर, ॲडमिन, युजर, टेस्ट, स्कॅनर, अकाउंट्स आणि चक्क टॅली. रात्री दोनला, दुपारी चहाच्या वेळी, गणपतीच्या सुट्टीत, अखंड. कोणी माणूस बसलेला नव्हता. यंत्रं पासवर्डची यादी घेऊन जगभर दारं ठोठावत फिरत असतात. मालक शेजारी उभे होते. म्हणाले, "पण आत तर कोणी आलं नाही ना?" ते नशीब होतं. त्यांच्या एकाही युजरचं नाव त्या यादीत बसत नव्हतं.

एक बारकावा: एनएलए चालू असताना अशा फसलेल्या नोंदींत लॉगऑन टाइप ३ (नेटवर्कवरून) दिसतो, १० (रिमोट) नाही. ३ बघून 'हे शेअर फोल्डरचं काहीतरी असेल' असं समजून पुढे जाऊ नका.

पोर्ट बदलून ३३९० किंवा ४५००० केलं तर? नोंदी थोड्या कमी होतील, बाकी काही नाही. सगळी पोर्टं तपासणारी यंत्रं आहेत आणि समोर रिमोट डेस्कटॉप आहे हे ती त्याच्या उत्तरावरून ओळखतात. दाराची पाटी बदलल्याने कुलूप मजबूत होत नाही.

मग जायचं कसं

व्हीपीएनने. ऑफिसचं मशीन आणि घरचा लॅपटॉप यांच्यात एक खाजगी बोगदा तयार करायचा आणि रिमोट डेस्कटॉप त्यातूनच न्यायचा. ऑफिसात चांगला राउटर आणि स्टॅटिक आयपी, म्हणजे न बदलणारा पत्ता, असेल तर राउटरवरच वायरगार्ड हा व्हीपीएन लावा. छोट्या ऑफिसात दोन्ही नसतात. शिवाय बहुतेक ब्रॉडबँड आणि मोबाइल जोडण्यांवर सीजीनॅट असतो, म्हणजे एक सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटलेला. ओळखायचं कसं? राउटरच्या स्टेटस पानावरचा वॅन आयपी, म्हणजे बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांच्यापैकी कशानेही सुरू होत असेल, किंवा 'माझा आयपी' दाखवणाऱ्या साइटवरच्या आकड्याशी जुळत नसेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. तिथे पोर्ट फॉरवर्डिंग चालतच नाही. लोक दोन-दोन दिवस राउटरशी झटतात आणि कारण राउटरमध्ये नसतंच.

अशा ठिकाणी मी टेलस्केल हा व्हीपीएन लावतो. तो आतून वायरगार्डच वापरतो, दोन्ही मशीन आतून बाहेर हाक मारतात, त्यामुळे कुठलंही पोर्ट उघडावं लागत नाही. रीत अशी:

१. दोन्ही मशीनवर इन्स्टॉल करून एकाच खात्याने साइन इन करा. त्या खात्याला दुहेरी पडताळणी लावा. आता तेच तुमचं मुख्य दार आहे.

२. ऑफिसच्या मशीनवर टेलस्केलच्या प्रेफरन्सेसमध्ये 'रन अनअटेंडेड' चालू करा. हे करायचं राहून गेलं की वीज जाऊन मशीन रिस्टार्ट झालं तर कोणी लॉगिन करेपर्यंत बोगदा उभा राहत नाही. रविवारी अंबडमध्ये लॉगिन कोण करणार?

३. ॲडमिन पानावर फक्त ऑफिसच्या मशीनची की-एक्स्पायरी, म्हणजे साइन इनची मुदत, बंद करा. मूळ मुदत १८० दिवसांची असते. बरोबर सहा महिन्यांनी, काहीही न बदलता, सगळं बंद पडल्याचा फोन येतो तो यामुळे. घरच्या लॅपटॉपची मुदत राहू द्या. लॅपटॉप हरवतो, टॉवर केस हरवत नाही.

४. ऑफिसच्या मशीनला मिळालेला १०० ने सुरू होणारा पत्ता लिहून घ्या. घरून रिमोट डेस्कटॉप कनेक्शनमध्ये हाच टाकायचा.

आता फायरवॉल आवळा. विंडोज डिफेंडर फायरवॉलच्या ॲडव्हान्स्ड खिडकीत इनबाउंड रूल्समध्ये 'रिमोट डेस्कटॉप - युजर मोड' नावाचे टीसीपी आणि यूडीपीचे नियम असतात. दोन्हींच्या स्कोप टॅबमध्ये रिमोट आयपीच्या जागी दोन पट्टे घाला: १००.६४.०.०/१० हा टेलस्केलचा आणि दुसरा तुमच्या ऑफिसचा, म्हणजे साधारण १९२.१६८.१.०/२४ सारखा. आता उद्या कोणी राउटरमध्ये पोर्ट उघडलंच, तरी बाहेरच्याला विंडोजच अडवेल.

राउटरमध्ये यूपीएनपी, म्हणजे आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय, बंद करा, जुनं फॉरवर्डिंग असेल तर पुसा. लोकल सिक्युरिटी पॉलिसीत अकाउंट लॉकआउट १० चुकांवर १० मिनिटं ठेवा. आणि घरच्या बाजूला कनेक्शनच्या 'लोकल रिसोर्सेस'मध्ये ड्राइव्हची टिक काढा. मुलांच्या गेम्ससाठीचा लॅपटॉप आणि टॅलीचा डेटा एकमेकांना दिसायची गरज नसते. क्लिपबोर्ड मात्र लोक काढू देत नाहीत. जीएसटी नंबर कॉपी-पेस्ट करायचे असतात, आणि त्यात त्यांचं चूक नाही.

चालत नाही तेव्हा

जवळून लांब जायचं. आधी मशीन, मग ऑफिसचं नेटवर्क, मग बोगदा, मग लॉगिन, शेवटी स्क्रीन.

मशीन जागं आहे का? निम्मे फोन इथेच संपतात. पॉवर सेटिंगमध्ये स्लीप 'नेव्हर' करा. स्क्रीन बंद झाली तर हरकत नाही. वीज गेल्यावर आपोआप सुरू व्हावं म्हणून बायोसमध्ये एसी पॉवर परत आल्यावर ऑन होण्याची सोय चालू करा. यूपीएसवर फक्त कॉम्प्युटर लावून राउटर तसाच सोडणारेही आहेत. लाइट गेल्यावर कॉम्प्युटर जिवंत, वाट मेलेली. सध्या तर सिंहस्थाच्या कामांनी रस्ते खणलेले, जेसीबीने फायबर तोडला की तुमचं कुठलंच सेटिंग कामाचं नाही. ऑफिसातल्या कोणाला तरी ब्राउझर उघडून बघायला सांगा, मग पुढची मेहनत करा.

ऑफिसात कोणी असेल तर तिथल्याच दुसऱ्या मशीनवरून कनेक्ट करून बघा. तिथे चाललं तर मशीन ठीक आहे, गडबड बोगद्यात. तिथेही नाही, तर राउटर आणि व्हीपीएनला हात लावू नका.

पिंगवर, म्हणजे मशीनला नुसती हाक मारून बघण्यावर, विसंबू नका. विंडोजची फायरवॉल पिंग अडवते तरी रिमोट चालतो. त्याऐवजी पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा द्या, पुढे मशीनचा पत्ता, मग पोर्टचा पर्याय आणि ३३८९. सुरुवातीची अक्षरं टाइप करून टॅब दाबलं की नाव पुरं होतं. शेवटी 'टीसीपी टेस्ट सक्सीडेड'समोर ट्रू आलं तर वाट मोकळी आहे, अडचण लॉगिनची. फॉल्स आलं तर वाट बंद. हा एक निकाल बघितला की रात्रीची अर्धी धडपड वाचते, कारण लॉगिनच्या अडचणीसाठी फायरवॉल बंद करायची वेळच येत नाही.

फॉल्स असेल तर ऑफिसच्या मशीनवर कमांड प्रॉम्प्टमध्ये नेटस्टॅट (पुढे -an लावून) चालवून ३३८९ समोर 'लिसनिंग' दिसतं का बघा. दिसत नसेल तर सर्व्हिसेसमधून रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस रिस्टार्ट करा आणि सेटिंग्जमधला स्विच तपासा. दिसत असेल तर मध्ये फायरवॉल आहे. राउटर बदलला की विंडोजला ते नवं नेटवर्क वाटतं आणि त्याचं प्रोफाइल पब्लिक होऊ शकतं. तुमचा नियम फक्त प्रायव्हेटसाठी असेल तर वाट बंद. प्रोफाइल बदला, फायरवॉल बंद करू नका. नव्या राउटरने आयपीचा पट्टाही बदलला असेल, म्हणजे स्कोपमध्ये लिहिलेला १९२.१६८.१ आता खरा राहिलेला नसेल. आणि अँटीव्हायरसची स्वतःची फायरवॉल असेल तर तीही बघा, विशेषतः तो नुकताच रिन्यू केला असेल तर.

ट्रू आहे पण आत घेत नाही? पिन चालत नाही, पासवर्डच लागतो. ऑफिसात रोज पिन टाकणाऱ्यांना स्वतःचा पासवर्ड आठवत नसतो, आणि ते शपथेवर सांगतात की बरोबर टाकलाय. रिकामा पासवर्डही चालत नाही. घरच्या लॅपटॉपवर युजरनेमच्या जागी आपलं घरचं नाव आपोआप भरलं जातं. तिथे ऑफिसच्या कॉम्प्युटरचं नाव, उलटी तिरकी रेघ आणि युजर असं पूर्ण लिहा. लॉकआउट झाल्याचा संदेश असेल तर दहा मिनिटं चहा प्या, पुन्हा पुन्हा ठोकू नका. क्रेडएसएसपी आणि एन्क्रिप्शन ओरॅकल असं काही लिहून आलं, तर एका बाजूचं विंडोज जुनं आहे. मार्च २०१८ ची दुरुस्ती एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, असा तो प्रकार. रजिस्ट्रीत बदल करून तो संदेश घालवायची कृती सगळीकडे मिळते. अपडेट करा, ती कृती नको.

सर्टिफिकेटवर विश्वास नाही अशी सूचना पहिल्यांदा येणारच, कारण ते मशीनने स्वतःच बनवलेलं असतं. आपल्या बोगद्यातून, आपल्याच पत्त्यावर जात असाल तर ठीक. बोगदा बंद असताना ती आली तर थांबा.

कनेक्ट होतं पण काळी स्क्रीन? कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबा, रिमोटच्या आत कंट्रोल-ऑल्ट-डिलीटचं काम हे करतं. त्यातून टास्क मॅनेजर, मग नवं टास्क म्हणून एक्सप्लोरर चालवा. वारंवार होत असेल तर ग्राफिक्स ड्रायव्हर अपडेट करा. सेशन सारखं गोठत असेल, खास करून मोबाइल हॉटस्पॉटवर, तर घरच्या बाजूच्या ग्रुप पॉलिसीत 'टर्न ऑफ यूडीपी ऑन क्लायंट' चालू करून बघा. घरी होम एडिशन असेल तर ही पॉलिसी मिळणार नाही, मग हॉटस्पॉट सोडून वायरचं नेट वापरून बघा. प्रिंटचं दुखणं मात्र वेगळं आहे. घरच्या प्रिंटरवर साधं पान येतं, डॉट मॅट्रिक्सवर बिल स्टेशनरीच्या मापात येत नाही. मी त्यात रात्र घालवत नाही. पीडीएफ करा आणि घरी छापा.

शंका आली तर

आठवड्यातून एकदा इव्हेंट व्ह्यूअरमध्ये टर्मिनल सर्व्हिसेस लोकल सेशन मॅनेजरचा ऑपरेशनल लॉग उघडा. २१ म्हणजे सेशन सुरू, २४ म्हणजे तुटलं, २५ म्हणजे परत जोडलं. शेजारी कुठल्या पत्त्यावरून तेही असतं. तिथेच बसून केलेल्या लॉगिनसमोर 'लोकल' दिसतं. ते, १०० ने सुरू होणारे ओळखीचे पत्ते आणि ऑफिसच्याच पट्ट्यातले पत्ते यांव्यतिरिक्त काही दिसलं, तर नेटवर्कची केबल काढा, मशीन बंद करू नका, दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पासवर्ड बदला. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन. कंपन्यांनी अशा घटना सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेला सहा तासांत कळवायच्या असा एप्रिल २०२२ चा आदेश आहे, हे मालकांना सांगितलं की ते दचकतात. आणि टॅलीचा बॅकअप एका अशा डिस्कवर ठेवा जी रोज काढून कपाटात जाते. सतत लावलेली डिस्क रॅन्समवेअरला, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसला, तितकीच सापडते.

फोनवर कोणी केवायसीसाठी स्क्रीन शेअरिंगचं ॲप टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना याबद्दल सावध केलं होतं. ॲप खरं असतं, पलीकडचा माणूस खोटा.

मी आता प्रत्येक मॉनिटरच्या बाजूला एक कागद चिकटवतो: काय काढलं, कोणी, किती वाजता. २० तारखेच्या रात्री खरंच काही ढिलं करावं लागलं तर तिथे लिहायचं. २१ ला सकाळी कागद बघून सगळं परत लावायचं आणि मग शेवटची तपासणी. फोनचा हॉटस्पॉट लावा, लॅपटॉपवरचं टेलस्केल बंद करा, ऑफिसचा बाहेरचा आयपी टाकून टेस्ट-नेटकनेक्शन ३३८९ वर चालवा. इथे फॉल्स आलं पाहिजे. ताईंनी परवा मला त्याचा स्क्रीनशॉट पाठवला, खाली लिहिलं होतं: "फेल झालं दादा, म्हणजे पास ना?"